कवळीवालीचा दात

कवळीवालीचा तिच्या मामावर दात होता. हसू आलं असेल तर खुशाल हसा, तिलाही येतं. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणारी बाई, आणि स्वतःचा हा एक दात मात्र असा घट्ट धरून बसली होती की कुठल्या डॉक्टरच्या चिमट्यानं निघाला नसता.

दातांच्या दवाखान्यांची एक ओळ होती आणि तिच्या मागच्या बोळात, जिन्याखाली, तिची कामाची खोली. दारावर पाटी नाही. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे पुठ्ठ्याच्या खोक्यांत यायचे. ही त्यावर मेण चढवायची, मेणात एकेक दात रोवायची, बिजागरीच्या लोखंडी जबड्यात वरचा-खालचा साचा अडकवून तो उघडून मिटून बघायची, मग मेण जाऊन त्या जागी गुलाबी हिरडी यायची आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून चकचकीत कवळी तयार. संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरी धूळ. माणसांचे चेहरे तिला लक्षात राहायचे नाहीत, जबडे राहायचे. कोण एकाच बाजूनं चावतो, कोण झोपेत दात खातो, सगळं तिला साच्यावरून कळायचं. "तोंडावर गोड बोलणारे असतात ना," ती म्हणायची, "त्यांच्या दाढा बघा एकदा."

स्वभाव तिखट. लहानपणी शाळेत एका मुलीनं तिची वेणी बाकाला बांधली होती, तर हिनं वर्ष सरायच्या आत तिची दप्तरासकट फजिती केली होती. विसरणं हा प्रकार तिच्या कुंडलीत नव्हता. आणि नशीब बघा, पोटी जन्म घेतला तो कुणाच्या, तर 'असू दे' म्हणणाऱ्या बाईच्या.

आई कपडे दुरुस्त करायची. सैल घट्ट कर, आखूड लांब कर. कुणी शिवलेलं उसवून परत शिवून मागितलं, असू दे. नवरा एक दिवस कामाला म्हणून गेला आणि दुसऱ्याच बाईच्या घरी राहिला, असू दे. शेजारणीनं कात्री नेली ती परत दिली नाही, असू दे, तिला लागत असेल. "आई, तुझ्या असू दे ला एकदा आग लागू दे," लेक चिडायची. आई दातांत दोरा तोडून हसायची आणि म्हणायची, "असू दे गं."

मग आईचा मणका गेला. उठणं-बसणं संपलं, मशीन झाकून ठेवलं. कवळीवालीनं एक जुना कम्प्युटर आणला, पलंगावर आडवी फळी टाकून त्यावर ठेवला, आणि सांगितलं, खेळ काहीतरी. आईनं जो खेळ उघडला त्यात जगभरची माणसं एकाच वेळी शिरलेली असतात. कंपनीनं डोंगर दिलेत, नद्या दिल्यात, किल्ले आणि राक्षस दिलेत. कंपनीची गोष्ट काय, तर राक्षस मारा आणि सोनं गोळा करा. आईला त्यात राम वाटेना. ती भटकत भटकत एका घाटावर पोहोचली. तिथं पाण्यात एक नाव होती. ती कुठंच जात नव्हती, कुणीतरी चित्र म्हणून काढून ठेवलेली. आई त्या नावेत जाऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला, दोन बोटांनी टिपून, विचारायला लागली, "पलीकडं जायचंय? मग नावेत पाय टाकण्याआधी एक खरं सांगायचं. का निघालात?"

बस्स. एवढ्यावर तो घाट वसला. तलवारी टाकून माणसं रांगेला लागली. खरं सांगायचं म्हणजे पात्राचं खरं, पण लोक त्यात आपलंही बेमालूम मिसळून सांगायचे. कुणी चहाची टपरी थाटली, कुणी जकातनाक्यावरचा भ्रष्ट कारकून झाला, कुणी आंधळा ज्योतिषी. कंपनीला पत्ताही नव्हता, आणि तिच्या नदीकाठी एक अख्खं गाव नांदत होतं, बोलत होतं, भांडत होतं. मराठी बोलणारी ही मंडळी रोज तिथं जमायची. त्यांचा एक सूत्रधार होता, पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करणारा शांत गडी. त्यानं आणि आईनं मिळून नियम घातले.

नियम मोजकेच. जे साधं लिहिलं ते पात्र बोललं, गावानं ऐकलं, आता ते मागं घेता येत नाही. खेळणाऱ्याला स्वतःचं काही बोलायचं असेल, म्हणजे भाजी करपली, दार वाजलं, तर ते कंसात लिहायचं, दोन्हीकडून दुहेरी कंस. कंसातलं गावात कुणाला ऐकू जात नाही. एका माणसाला एकच पात्र. आणि कुणाचंही पात्र त्याच्या मर्जीशिवाय मरत नाही. मरणाऱ्यानं कंसात 'मान्य' लिहायचं, मारणाऱ्यानंही लिहायचं, तरच मरण. मेलेलं पात्र परत येत नाही.

पलंगाला खिळलेली बाई तिथं सगळ्या गावाला पार नेत होती. लेक कामावरून आली की आई जेवता जेवता सांगायची, आज नावेत कोण बसलं, कोण रडलं, कुणाला मी वाटेतून परत पाठवलं. तिच्या गालांवर रंग आला होता. डॉक्टर औषधाला श्रेय द्यायचे. देऊ देत बापडे.

आता मामा. आईचा धाकटा भाऊ, गाडी शिकवायचा धंदा. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, ठाऊक आहे ना? चाक दुसऱ्याच्या हातात, पण जरा मनाविरुद्ध गेलं की ह्यानं शेजारी बसून ब्रेक दाबायचा. जन्मभर तेच केलं त्यानं, गाडीत आणि घरात. मामी माहेरी गेली ती गेलीच. मग हा पथारी घेऊन ताईकडं आला, "तुम्हा बायकांना घरात पुरुषमाणूस हवा," म्हणत. तोंडात वर-खाली पूर्ण कवळी, भाचीनंच केलेली, आणि त्या कवळीमागं अखंड बडबड.

ताईचं बघून त्यालाही घाटाची गोडी लागली. तो झाला किल्लेदार. टायपिंगचा आळस, म्हणून आपल्या फोनला तोंडी सांगायचा आणि तो लिहायचा. ओळ संपली की आपोआप जायची, कंस हवा असेल तर त्यासाठी एक बटण. घरभर आवाज घुमायचा, "किल्लेदार मिशीवर ताव देतो!" त्याला हवी होती लढाई. पण घाटाचा शिरस्ता असा की नावाडीण आहे तोवर घाटावर तलवार निघत नाही. तो दर आठवड्याला मोठ्या सैन्याच्या बाता मारायचा आणि आईची नावाडीण म्हणायची, "किल्लेदार, तलवार इथं ठेवा, नाव जड होते." सगळा घाट हसायचा. तो हसायचा नाही.

पुढं आईच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं. कवळीवाली हॉस्पिटलात उशाशी होती, आईचा फोन तिच्या पर्समध्ये, बंद. आई भुलीखाली. आणि घरी, आईच्या पलंगावर बसून, आईचा कम्प्युटर उघडून, आईच्या नावानं मामानं कंसात लिहिलं, "मान्य." मग आपल्या पात्रात शिरून नाव बुडवली. नावाडीण बुडाली. घाटानं अश्रू ढाळले, किल्लेदारानं मोठं भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी तलवारी निघाल्या.

आई घरी आली, पालथं झोपून तिनं खेळ उघडला, तर तिच्या नावापुढं लोकांनी फुलं वाहिलेली.

"मी मान्य दिलं नव्हतं," तिनं कंसात लिहिलं.

मामानं लगेच, कंसातच, उत्तर दिलं. ताईजवळ फोन होता, तिनंच दिलं, गुंगीत विसरली असेल, म्हाताऱ्या माणसाला समजून घ्या. कवळीवालीनं सूत्रधाराला कळवलं, फोन माझ्याकडं होता म्हणून. तो बिचारा पेचात पडला. बहीण एक म्हणते, भाऊ एक म्हणतो, मान्य तर तिच्याच नावावर आहे. "घरातलं घरात मिटवा," तो म्हणाला.

घरात काय मिटणार! मामा कानांवर हात ठेवून मोकळा. "मी कशाला करीन? माझ्या सख्ख्या बहिणीला?" कवळीवाली त्याच्या अंगावर धावून गेली. आईनं तिचा हात धरला.

"असू दे," आई म्हणाली. "खेळच तर होता."

आणि भिंतीकडं तोंड केलं. परत तिनं तो कम्प्युटर उघडला नाही. जेवताना सांगायला काही उरलं नाही, मग जेवणही उरलं नाही. पानं पिवळी पडायच्या आत ती गेली. डॉक्टरांनी कागदावर मणक्याचं काहीतरी लिहिलं. कवळीवालीचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते तिनं कुठंच लिहिलं नाही.

लोक म्हणाले, मामाला घराबाहेर काढ. तिनं काढलं नाही. लोकांना वाटलं, आईच्या वळणावर गेली शेवटी. अहो, कसलं वळण! बाहेर काढलं की सुटला. तिला तो हाताशी हवा होता. एवढंच हवं होतं तिला, की आईनं खोटं सांगितलं नव्हतं हे त्या घाटावर, त्या सगळ्या माणसांसमोर, मामाच्याच तोंडून यावं. आणि मग किल्लेदाराचं मान्य.

ती स्वतः घाटावर गेली. कामाच्या खोलीत, प्लास्टर सुकायला ठेवलं की फोनवर. पात्र घेतलं एका मुक्या धोबिणीचं. मुकी म्हणजे बोलायचं कामच नाही, फक्त "मुकी मान हलवते," "मुकी कपडा पिळते." लिहिण्याची ढब ओळखू येण्याचा प्रश्न नाही. आणि मुक्या माणसापाशी सगळे मोकळे होतात, हे तर तुम्हीही अनुभवलं असेल. जकातवाल्या कारकुनानं तिला आपलं प्रेमप्रकरण सांगितलं. ज्योतिष्यानं सांगितलं की त्याला दिसतं. किल्लेदार तर रोज येऊन तासन्‌तास बसायचा. "मुके, तूच एक माझं ऐकतेस," म्हणायचा. इकडं ती जिन्याखाली कुणाची तरी कवळी घासत मनात म्हणायची, ऐकते, ऐकते, मेल्या, एकेक शब्द ऐकते.

घरी आली की आईच्या खोलीच्या दाराआडून, आता आईच्याच कम्प्युटरला सांगणारा त्याचाच आवाज, "मुके, तूच एक माझं ऐकतेस." तेव्हा ती भाजी चिरायची. जरा जास्तच बारीक चिरायची.

हळूहळू मुकीनं गोष्ट फिरवायला सुरुवात केली. एक दिवस मुकीनं नदीकडं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी ओलं लाकूड उचलून आणलं. घाटावर कुजबुज झाली, पाणी ओसरतंय का? आता कंपनीची नदी कशाला ओसरते, डोळ्यांना ती तश्शीच काठोकाठ दिसत होती. पण सूत्रधार म्हणाला ओसरली, मंडळी म्हणाली ओसरली, मग ओसरलीच. गाळात नावेचं टोक दिसलं. नाव ओढून काढली. आत नावाडिणीचं काहीच नाही. मग मेली कशी? कुणी मारली? न्याय बसवा, येत्या रविवारी! घाटाला चेव आला. किल्लेदाराला तर केवढा आनंद, अख्खी गोष्ट आपल्याभोवती फिरणार, आपलं भाषण होणार. तो आरशासमोर तालीम करायला लागला.

तालमीतच ते घडलं. जोशात हात हवेत फेकला आणि बेसिनच्या कडेवर ठेवलेली वरची कवळी खाली पडून मधोमध दोन तुकडे झाली. कवळी फोडली त्यानं स्वतः, हिचा हात लागला नाही. पण देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात ना.

"पोरी, रविवारच्या आत जोडून दे गं," तो हातावर तुकडे धरून म्हणाला.

तिनं तुकडे उजेडाला धरून बघितले, जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ केलं. "वाईट तुटलीय, मामा. आठवडा लागेल."

दुपारभराचं काम होतं ते. तुकडे मेणानं जुळवायचे, मागं प्लास्टर ओतायचं, भेगेत गुलाबी मसाला भरायचा, घासायचं, झालं. तिनं ते त्याच दिवशी केलं आणि जोडलेली कवळी पाण्याच्या वाटीत घालून फळीवर ठेवून दिली. वरच्या दातांशिवाय मामाचं बोलणं कम्प्युटरला कळेना. तो सांगायचा "किल्लेदार", पडद्यावर यायचं "गिलावा". सांगायचा "सैन्य", यायचं "हैराण". शेवटी हार मानून तो बोटांनी लिहायला बसला. सवय नाही, चष्मा नाकावर, एकेक अक्षर हुडकत. तोंडी सांगताना ओळ संपली की कम्प्युटर स्वतः पाठवायचा, आता ते एंटरचं बटण आपलं आपल्याला दाबायचं होतं. आणि मामा बिचकला की काय करतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दाबतो.

रविवारची दुपार. मामा आईच्या खोलीत, आईच्या कम्प्युटरपुढं, दार ओढून. कवळीवाली स्वयंपाकघरात स्टुलावर, फोन मांडीवर, गॅसवर त्याच्यासाठी पातळ सूप. मधे एक भिंत.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. नाव मधोमध. सूत्रधारानं पुकारा केला, नावाडीण बुडाली कशी, ज्याला ठाऊक असेल त्यानं पुढं यावं. किल्लेदार पुढं आला. एकेक अक्षर वेचून त्यानं लिहिलं, "मी बुडवली. रणात. समोरासमोर. तिच्या संमतीनं."

मुकी उठली. हातातला कपडा तिनं खाली टाकला.

"मुकी तोंड उघडते," तिनं लिहिलं. मग मुकी बोलली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "नावेत पाय टाकण्याआधी एक खरं सांगायचं, किल्लेदार. का निघालात?"

भिंतीपलीकडं खुर्ची करकरली.

तिनं लगेच कंस उघडला. "((किल्लेदार चालवणाऱ्यांना विचारते. नावाडीण लिहिणाऱ्या बाईंनी मान्य कुठून दिलं?))"

"((फोनवरून. हॉस्पिटलातून. झालंय ते बोलून.))"

"((तो फोन माझ्या पर्समध्ये होता, मामा.))"

खोलीत काहीतरी खाली पडलं. तिनं गॅस बारीक केला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण जबडा दिसत होता, वरचे दात नसलेला, ओठ आत गेलेला. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण मामा आणि गप्प? तो बडवायलाच लागला. बटणांचा खडखडाट भिंतीतून ऐकू येत होता.

पहिली ओळ आली. "((ताई भुलीखाली पडलेली तिला काय कळत होतं इकडं सगळ्यांची गोष्ट अडली होती"

कंस उघडलेला, मिटलेला नाही. खडखडाट चालूच. मग एकदम थांबला. लिहिलेलं त्यानं वाचलं असणार, वाचून दचकला असणार, खोडायला बोट पुढं गेलं असणार. आणि सवयीचा माणूस सवयीनं जातो. त्यानं दाबलं.

"तिच्या जागी कुणीतरी मान्य टाकायलाच हवं होतं मी टाकलं"

दुसऱ्या ओळीला कंस नव्हता. मागं नाही, पुढं नाही. किल्लेदार भर घाटावर, साऱ्या गावासमोर, मोठ्यानं बोलला होता.

मग किल्लेदाराकडून कंसांची बरसात झाली. "((ते कंसातलं होतं))" "((ओळ तुटली))" "((बोलणं धरू नका))"

सूत्रधारानं लिहिलं, तेही कंसात. "((कंसातलं धरलं तर तुम्ही केलंत, कंसाबाहेरचं धरलं तर किल्लेदारानं केलं. कुठलं धरू, तुम्हीच सांगा.))"

चहाच्या टपरीवाल्यानं खाली एवढंच लिहिलं, "((कंस तो कंसच. मामाच निघाला.))" आणि तेवढ्या गंभीर घडीतही घाट हसला. कवळीवालीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. आई, ऐकतेस ना गं, ती ओट्याला टेकून म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं.

दार उघडलं. मामा उंबऱ्यात उभा. त्यानं स्टूल बघितलं, फोन बघितला.

"मुकी?" तो बोळक्या तोंडानं म्हणाला. "तू?"

"बसा. सूप झालंय."

"भाची असून माझे दात घशात घातलेस?"

"तुमचे दात माझ्याकडं वाटीत आहेत, मामा," ती म्हणाली. "घशात घालायला उरले कुठले?"

त्याच संध्याकाळी सूत्रधारानं निवाडा दिला. मान्य खोटं, म्हणून मरणही खोटं. नावाडीण मेलेलीच नाही. तिची नाव तिच्या लेकीनं चालवावी. आणि किल्लेदाराला मारायचा हक्क फक्त नावाडिणीचा. सगळ्या घाटानं कवळीवालीची माफी मागितली, म्हणजे आईची. ज्योतिष्यानं तर नावेपुढं लोटांगण घातलं. आईचा कम्प्युटर तिनं स्वयंपाकघरात हलवला. मामाकडं फोन होताच की.

आता किल्लेदाराचं मान्य तेवढं राहिलं होतं. मामा हट्टाला पेटला. देणार नाही म्हणाला. मरणार नाही, बघू काय करता.

कुणी काहीच केलं नाही. तेच तर झालं. तो घाटावर यायचा, मिशीवर ताव द्यायचा, आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. सैन्यातले एकेक करून टपरीवर चहा प्यायला गेले ते तिकडचेच झाले. किल्ल्यात तो एकटा. भाषण करायचा, लोक त्याच्यातून पलीकडं बघायचे. नावेची रांग त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं सरकायची. बोलघेवड्या माणसाला ह्याहून वाईट काय असतं? त्यानं चोरून दुसरं पात्र काढून बघितलं, मसाल्याचा व्यापारी. पहिल्याच दिवशी कुणाला तरी म्हणाला, "हळू, हळू, आधी डावीकडं बघा, मग वळा." टपरीवाल्यानं तिथंच ओळखलं. एका माणसाला एकच पात्र, नियम म्हणजे नियम. व्यापाऱ्याला हाकललं.

घरात तो दिवसेंदिवस गप्प होत गेला. कवळी तिनं त्याला केव्हाच परत केली होती. मनात आलं होतं तिच्या, खोटं कशाला बोला, एका दाढेची उंची केसभर वाढवावी, जन्मभर प्रत्येक घासाला टोचली असती. पण तिनं तसं केलं नाही. कवळी नीट बसली, अगदी चपखल. आता त्याच्या तोंडात उत्तम दात होते आणि बोलायला कुणी नव्हतं.

थंडी सरताना एका दुपारी ती नावेत होती. सुट्टीचा दिवस, घाटावर तुरळक माणसं. किल्लेदार पायऱ्या उतरून आला. तलवार नाही. त्याच वेळी खोलीतून मामाचा आवाज आला, हळू, घोगरा, कम्प्युटरला नव्हे, फोनला सांगत असलेला. पडद्यावर अक्षरं उमटली.

"((पोरी, चुकलो. किल्लेदाराला मारून टाक. मला नव्यानं यायचंय, कुणीही म्हणून, धोबी, भिकारी, काहीही. एकदा कुणी माझ्याशी बोलू दे. मी देतो. मान्य.))"

शेवटचा शब्द एकदम बरोबर उमटला. दातच तसे बनवले होते तिनं.

ह्याचीच तर ती वाट बघत होती. तिनं बोटं उचलली. तिच्याकडून एक 'मान्य' आणि किल्लेदार खलास. पण मग मामा सुटतो, उद्या धोबी होऊन येतो, पुन्हा गप्पा, पुन्हा हशा. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती तेव्हा तिला कुणी नव्यानं येऊ दिलं होतं?

दाराशी हालचाल झाली. मामा उभा होता, फोन छातीशी धरून, शाळेतल्या पोरासारखा.

"दिलं ना मी?" तो म्हणाला. "आता तू दे."

कवळीवालीनं त्याच्याकडं बघितलं. आईच्या पलंगावरची फळी आता ओट्याशेजारी होती, तिच्यावर आईच्या बोटांनी पुसट झालेली बटणं. जन्मभर ज्या शब्दाचा तिला संताप आला तो शब्द तिनं शोधून शोधून, दोन बोटांनी, आईसारखा टिपला. कंसात टाकला, नीट, दोन्हीकडून.

"((असू दे.))"

मामाच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडला. ताईचाच शब्द, ताईनं जन्मभर सगळ्यांना सोडलं ते ह्याच शब्दावर. मग त्यानं वाट बघितली. किल्लेदार पायरीवर तसाच उभा होता, जिवंत. रांगेतला पुढचा माणूस त्याला वळसा घालून नावेत चढला, आणि नावाडिणीनं त्याला विचारलं, का निघालात.

"अगं, पण हा अजून आहे," मामा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "असू दे."